५.५६, ७.६२ आणि आता ६.८ : लष्करी रायफलीचं काडतूस ठरतं कसं?

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूदलाने सिग सॉअर या कंपनीशी करार केला. पायदळाला नवी रायफल आणि नवी हलकी मशीनगन मिळणार, असं जाहीर झालं. मे २०२५ मध्ये त्या रायफलीवर 'एम ७' या अधिकृत नावाचं शिक्कामोर्तब झालं आणि तिचे फोटो पुन्हा सगळीकडे झळकले. पण या सगळ्या खटाटोपातली खरी नवी वस्तू त्या फोटोंत दिसतच नाही. ती मॅगझीनच्या, म्हणजे रायफलीला खालून लावायच्या काडतुसांच्या डबीच्या, आत असते. व्हिएतनाम युद्धापासून चालत आलेलं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस समोरासमोर लढणाऱ्या तुकड्यांपुरतं बाजूला ठेवायचं आणि त्या जागी ६.८ मिलिमीटरचं नवं काडतूस आणायचं, हा त्या करारातला मोठा निर्णय होता.

इथेच वाचक गोंधळतो. ५.५६ छोटं, ७.६२ मोठं, म्हणजे ६.८ दोघांच्या मधलं असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे 'मधलं' काडतूस ताकदीने ७.६२ च्याही पुढे आहे. दुसरा गोंधळ त्याहून जुना आहे. एके-४७ ही ७.६२ ची रायफल आणि नाटो देशांची जुनी एफएन एफएएल हीसुद्धा ७.६२ चीच. तरी एकीची गोळी दुसरीत चालत नाही. असं का?

या आकड्यांचा अर्थ लावता आला, तर कोणतं सैन्य लढाईबद्दल काय समजून चाललं आहे, हेही वाचता येतं. माझं म्हणणं असं की रायफल ही त्यानंतरची गोष्ट आहे. आधी काडतूस ठरतं, आणि ते ठरवताना भविष्यातल्या लढाईपेक्षा नुकत्याच लढलेल्या लढाईची आठवण जास्त जोर धरते. हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

काडतूस आणि गोळी यांत फरक काय?

रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना गोळीच म्हणतो, पण काडतुसात चार वस्तू असतात. पुढच्या टोकाला गोळी. तिला धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. पुंगळीच्या पोटात दारू. आणि पुंगळीच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टिकली, जी आघाताने पेटते. लक्ष्याकडे जाते ती फक्त गोळी. पुंगळी बाहेर फेकली जाते. घटनास्थळी 'रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं बातमीत येतं, त्या ह्याच.

घोडा दाबल्यावर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी पुंगळीच्या बुडातल्या बारीक भोकातून आत शिरते आणि दारू पेटते. वायू तयार होतो, दाब भराभर चढतो. पितळ लवचीक असल्यामुळे पुंगळीच्या भिंती फुगतात आणि रायफलीच्या ज्या पोकळीत काडतूस बसलेलं असतं, तिच्या पोलादाला घट्ट चिकटतात. त्यामुळे वायूला मागे यायला वाट राहत नाही आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीतून निघून गेली की दाब उतरतो, पितळ किंचित आकसतं, पकड सुटते आणि पुंगळी सहज बाहेर ओढता येते. हे सगळं काही हजारांश सेकंदांत उरकतं. स्वयंचलित रायफलीत ते सेकंदाला दहा-बारा वेळा, एकदाही न अडकता घडावं लागतं. म्हणून पुंगळी हे निव्वळ वेष्टन नाही, तो त्या यंत्राचाच एक भाग आहे. पुढे हा मुद्दा कामाला येणार आहे.

६.८ × ५१ : आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. यालाच कॅलिबर म्हणतात. दुसरा आकडा पुंगळीची लांबी. पुंगळी लांब आणि जाड असेल, तर तिच्यात दारू जास्त मावते. म्हणून ताकदीचा अंदाज बांधायचा, तर दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहावं.

एके-४७ चं काडतूस आहे ७.६२ × ३९ आणि एफएएलचं ७.६२ × ५१. व्यासाचा आकडा एकच, पण दुसऱ्याची पुंगळी बारा मिलिमीटर लांब आणि जाडीलाही जास्त. पहिलं सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास वेगाने सोडतं. दुसरं साडेनऊ ग्रॅमची गोळी ८४० मीटरने. ऊर्जेच्या हिशेबात पहिलं २,००० ज्यूलच्या आसपास येतं आणि दुसरं ३,३०० च्या पुढे. नावातला एक आकडा सारखा असला, तरी ही दोन वेगळी काडतुसं आहेत.

व्यासाचा आकडाही तंतोतंत नसतो. नळीच्या आत पेचदार खाचा कोरलेल्या असतात. मोजमाप खाचांच्या वरच्या कडांमधलं धरायचं की तळांमधलं, यावर नाव बदलतं. ६.८ ची गोळी प्रत्यक्षात मोजली, तर ती ७.०४ मिलिमीटरची भरते. हा सात मिलिमीटरचा आकडा लक्षात असू द्या.

सगळ्यात ताकदवान काडतूसच का घेत नाहीत?

हा पहिला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. गोळी दूर जावी, सरळ जावी, जोरात लागावी, हे कुठल्याही सैन्याला हवंच असतं. पण ती ताकद कुणाच्या तरी खांद्यावरून जाते.

वजन पाहा. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं आहे आणि ७.६२ × ५१ चं साधारण २४ ग्रॅमचं. हातात घेतलं तर फरक जाणवणारही नाही. पण अमेरिकी सैनिकाचा नेहमीचा साठा तीस गोळ्यांच्या सात मॅगझीनचा, म्हणजे २१० काडतुसांचा. ५.५६ मध्ये हे अडीच किलो झाले. तेवढीच काडतुसं ७.६२ ची घेतली, तर पाच किलो. मॅगझीनचं वजन वेगळं. पाणी, रेडिओच्या बॅटऱ्या, हातबॉम्ब, जॅकेट हे सगळं अंगावर असताना त्यावर आणखी अडीच किलो चढतात. ते घेऊन डोंगर चढणारा माणूस वर पोचतो तेव्हा किती थकलेला असेल, हा प्रश्न कागदावरच्या तक्त्यात येत नाही.

मग धक्का. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने रायफल मागे येते. गोळीचं वजन गुणिले वेग असा हिशेब केला, तर ७.६२ × ५१ ची गोळी ५.५६ च्या दुपटीहून जास्त संवेग घेऊन निघते. एकेक गोळी झाडताना हे सोसता येतं. सलग झाडायला लागलं, की नळी आकाशाकडे उचलली जाते. अमेरिकेच्या एम १४ रायफलीत स्वयंचलित माऱ्याची सोय होती, पण हातात धरून तो मारा आवरणं इतकं कठीण ठरलं, की बहुतेक रायफलींमध्ये ती सोय बंदच ठेवली गेली.

आणि पल्ला. गोळी कितीही वेगवान असली, तरी नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. गुरुत्वाकर्षणाने कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात जवळजवळ पाच मीटर खाली येते, मग ती हातातून सुटलेली असो वा नळीतून. तीनशे मीटरवर पोचायला गोळीला अर्धा सेकंदही लागत नाही, त्यामुळे नेमात थोडीच दुरुस्ती पुरते. पण सहाशे मीटरवर पोचायला ५.५६ च्या गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात वारा तिला बाजूला ढकलतो आणि समोरचा माणूस जागा सोडून गेलेला असतो. वेगवान आणि जड गोळीला इथे फायदा असतो, पण त्याची किंमत पुन्हा वजनात आणि धक्क्यात चुकवावी लागते.

लांब पल्ल्याचा मोह

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. त्याआधीच्या काळ्या दारूने रणांगण धुराने भरून जायचं आणि सैनिकाची जागा उघडी पडायची. नवी दारू धूर तर करत नव्हतीच, शिवाय जोरही कितीतरी जास्त द्यायची. १८८६ मध्ये फ्रान्सने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आणली. त्याआधीच्या रायफली ११ मिलिमीटरच्या आसपास होत्या. गोळी बारीक झाली आणि वेग वाढला. पुढच्या दहा वर्षांत युरोपातली सगळी सैन्यं त्याच वाटेने गेली. ब्रिटिशांची .३०३ (असे टिंबाने सुरू होणारे आकडे इंचांतले), आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिलेली 'थ्री-नॉट-थ्री', १८८८ ची. रशियाचं ७.६२ × ५४ १८९१ चं. हे रशियन काडतूस अजून मशीनगन आणि स्नायपर रायफलींत वापरात आहे.

या सगळ्या काडतुसांमागे एक समजूत होती : पायदळ हजार-दोन हजार मीटरवरून एकमेकांवर गोळ्या झाडेल. जर्मन माउझर ९८ रायफलीच्या नेम धरायच्या साइटवर २,००० मीटरपर्यंतच्या खुणा होत्या. पण दोन हजार मीटरवरचा माणूस नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. पहिलं महायुद्ध खंदकांत लढलं गेलं, तिथे अंतर काही शे मीटरच्या आतलं होतं. तरी काडतुसं तशीच राहिली, कारण कोट्यवधी काडतुसांचे साठे पडून होते आणि कारखाने त्यांच्यासाठीच लावलेले होते.

१९३२ मध्ये अमेरिकेत .२७६ पेडरसन हे नवं काडतूस स्वीकारलं जाण्याच्या उंबरठ्यावर होतं. मेट्रिकमध्ये ते ७ × ५१. लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी ते नाकारलं. जुन्या .३०-०६ काडतुसाचा प्रचंड साठा हाताशी होता आणि मशीनगनही त्याच काडतुसावर चालत होत्या. आर्थिक मंदीच्या काळात हा निर्णय समजण्यासारखा होता. प्रसिद्ध एम १ गॅरंड रायफल मग .३०-०६ साठीच बांधली गेली.

कोंडी फोडली जर्मनांनी. त्यांनी आपल्याच ७.९२ × ५७ काडतुसाची पुंगळी कापून ३३ मिलिमीटरवर आणली. बूड तेच ठेवलं, त्यामुळे यंत्रसामग्रीत फार बदल करावा लागला नाही. दारू कमी झाली, धक्का कमी झाला, वजन घटलं आणि तीनशे-चारशे मीटरपर्यंत काम भागत होतं. त्याच काडतुसाभोवती एसटीजी ४४ ही रायफल उभी राहिली. सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये याच विचाराचं स्वतःचं काडतूस आखलं आणि त्याचंच पुढे ७.६२ × ३९ झालं. त्याची पुंगळी बुडाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती आहे. सोव्हिएत पुंगळ्या पितळेऐवजी बहुतेक पोलादाच्या असत. पोलाद पितळेइतकं आकसत नाही, म्हणून निमुळता आकार बाहेर ओढायला सोपा पडतो. पण निमुळती काडतुसं एकावर एक रचली, की चळत सरळ न राहता वळते. एके-४७ चं मॅगझीन केळ्यासारखं वाकडं आहे ते यामुळे. रायफलीचं जगभर ओळखलं जाणारं ते रूप काडतुसाने ठरवलेलं आहे.

१९५१ : सात मिलिमीटरची हुकलेली संधी

या इतिहासातलं मला सगळ्यात चटका लावणारं प्रकरण ब्रिटिशांचं आहे. महायुद्धानंतर त्यांनी शांतपणे अभ्यास केला : लढाई किती अंतरावर होते, सैनिक किती धक्का सोसू शकतो, किती वजन वाहू शकतो. त्यातून .२८० हे काडतूस तयार झालं, ७ × ४३. सोबत ईएम-२ ही रायफल. १९५१ मध्ये अ‍ॅटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने दोन्हींचा स्वीकारही जाहीर केला.

नाटो नुकतीच स्थापन झाली होती आणि सगळ्या देशांचं काडतूस एक असावं, हे सर्वांना पटत होतं. पण अमेरिकी शस्त्रास्त्र विभाग .३०-०६ च्या ताकदीखाली यायला तयार नव्हता. त्यांनी पुंगळी थोडी आखूड केली, सुधारलेल्या दारूने जोर तोच राखला आणि ७.६२ × ५१ पुढे केलं. त्याच वर्षाच्या शेवटी चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. मित्रदेशांची एकजूट महत्त्वाची, म्हणून त्यांनी ब्रिटिश काडतूस मागे घेतलं. १९५३-५४ मध्ये ७.६२ × ५१ नाटोचं प्रमाण काडतूस झालं.

गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही, कारण त्याच सुमारास अमेरिकेच्या हातात स्वतःचाच पुरावा होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसमध्ये नॉर्मन हिचमन यांनी १९५२ मध्ये अहवाल दिला. रायफलीच्या गोळ्या लागतात त्या बहुतांश ३०० यार्डांच्या आत, आणि त्यापुढे प्रशिक्षित सैनिकाचाही नेम झपाट्याने ढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे लहान, हलकं, कमी धक्क्याचं काडतूस. अहवाल होता, पण निर्णय उलट दिशेने गेला. युरोपातल्या देशांनी मोठ्या काडतुसाप्रमाणे आपल्या रायफली बांधल्या आणि दहा-बारा वर्षांत अमेरिकेनेच ते सोडून ५.५६ धरलं.

५.५६ आणि व्हिएतनामचा धडा

युजिन स्टोनर यांच्या एआर-१५ रायफलीसाठी .२२३ रेमिंग्टन हे काडतूस बनलं. लष्करात ते ५.५६ × ४५ झालं. साडेतीन ग्रॅमची बारीक गोळी, पण वेग सेकंदाला हजार मीटरच्या जवळपास. इतकी लहान गोळी परिणाम कसा करणार, हा तेव्हाही विचारला गेलेला प्रश्न. नळीतल्या पेचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते आणि त्या फिरण्यामुळेच तिचं टोक पुढे राहतं. हवेपेक्षा कितीतरी घट्ट माध्यमात शिरली, की ते फिरणं तिला सांभाळायला पुरत नाही. ती आडवी होते, आणि वेग पुरेसा असेल तर तुटते. ५.५६ चा परिणाम असा वेगावर अवलंबून आहे. वेग उतरला, की फारसं काही उरत नाही.

१९६६-६७ मध्ये व्हिएतनाममध्ये एम १६ रायफली, म्हणजे एआर-१५ चंच लष्करी रूप, अडकू लागल्या. पुंगळी आतच रुतून बसायची आणि ती काढायला नळीच्या तोंडातून सळई घालावी लागायची, तीही शत्रूच्या माऱ्यात. सैनिकांची पत्रं घरी गेली, घरच्यांनी ती लोकप्रतिनिधींकडे नेली आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. रायफल ज्या दारूवर तपासून घेतली होती, ती लांबट कणांची होती. लष्कराने पुरवठ्याच्या सोयीसाठी गोल कणांची दारू घेतली. नव्या दारूने यंत्राची गती वाढली आणि काजळीही जास्त धरू लागली. नळीच्या मागच्या पोकळीला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत ती गंजायची. वर कडी म्हणजे 'या रायफलीला सफाई फारशी लागत नाही' असा समज पसरला होता आणि सफाईचं साहित्य पुरेसं पोचलेलं नव्हतं.

बाकीच्या चुका होत्याच, पण काडतुसातली दारू बदलणं हे माणसं मरण्यामागचं एक मोठं कारण ठरलं. काडतूस आणि रायफल मिळून एकच यंत्र आहे, हे मी वर म्हटलं ते यासाठी. पुढे क्रोमचा मुलामा आला, दारूत सुधारणा झाली, सफाईचे संच मिळाले आणि एम १६ चांगली रायफल ठरली. १९८० मध्ये नाटोने ५.५६ चं चार ग्रॅमच्या गोळीचं बेल्जियन रूप प्रमाण म्हणून निवडलं. सोव्हिएत संघाने त्याआधीच, १९७४ च्या सुमारास, ५.४५ × ३९ आणलं होतं. सगळं जग हलक्या काडतुसाकडे वळलं होतं.

मग ५.५६ चं बिघडलं काय?

एक तर नळी आखूड झाली. एम १६ ची नळी वीस इंचांची होती. गाडीतून उतरताना, दारातून शिरताना सोपी पडावी म्हणून आलेल्या एम ४ ची साडेचौदा इंचांची. नळी आखूड म्हणजे दारूला गोळी ढकलायला वेळ कमी, म्हणजे वेग कमी. आणि या गोळीचा सगळा भार वेगावरच.

मग अफगाणिस्तान. डोंगराच्या एका धारेवरून समोरच्या धारेवर मारा होई आणि अंतर पुष्कळदा पाचशे मीटरच्या पुढे असे. तालिबानकडे पीकेएम मशीनगन होती, ७.६२ × ५४ ची, तेच १८९१ चं काडतूस. अमेरिकी सैनिकांच्या हातातल्या एम ४ चा त्या अंतरावर प्रभाव कमी पडायचा.

तिसरी चिंता बुलेटप्रूफ जॅकेटांची. मे २०१७ मध्ये लष्करप्रमुख मार्क मिली यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की बाजारात आलेल्या, जॅकेटात घालायच्या नव्या प्लेट ५.५६ ची गोळी भेदू शकत नाही. इथे सावध राहायला हवं. प्लेट भेदण्यात व्यासापेक्षा गोळीच्या गाभ्याचा धातू आणि आपटतानाचा वेग यांना महत्त्व असतं. नुसतं ६.८ झालं म्हणून कोणतीही प्लेट फुटेल, असं नाही. मात्र जड गोळी वेग टिकवून धरते, हे खरं.

८०,००० पीएसआय आणि तीन तुकड्यांची पुंगळी

आता खऱ्या अभियांत्रिकीकडे येऊ. भूदलाची मागणी अवघड होती : नळी आखूडच हवी, तरी वेग मोठा हवा, आणि गोळीही जड हवी. आखूड नळीत वेग मिळवायचा, तर दाब वाढवण्यावाचून इलाज नाही. ५.५६ आणि ७.६२ ही नाटो काडतुसं ६०,००० ते ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबावर चालतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १४.७ पीएसआय, म्हणजे हे त्याच्या चार हजार पटींहून जास्त झालं. नव्या ६.८ × ५१ चा दाब ८०,००० पीएसआय आहे.

एवढ्या दाबाला पितळ टिकत नाही. पुंगळीच्या भिंतींना पोलादी पोकळीचा आधार असतो, पण बुडाला तो पूर्ण मिळत नाही. दाब फार चढला, की बुडाचं पितळ पसरतं, प्रायमरची खोबण सैल होते आणि पुढे तिथून गरम वायू सैनिकाच्या चेहऱ्याकडे सुटू शकतो. सिग सॉअरने पुंगळी तुकड्यांत बनवली. बूड पोलादाचं, भिंती पितळेच्या, आणि दोन्हींना आतून जखडणारा एक जोड. जिथे फुगून चिकटायचं तिथे पितळ, जिथे तग धरायचा तिथे पोलाद. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण पुंगळीच्या कुठल्या भागाचं काम काय, हे नीट ओळखून ती केलेली आहे.

स्पर्धेत आणखी दोन वाटा होत्या. टेक्सट्रॉनच्या काडतुसात गोळी पूर्णपणे प्लास्टिकच्या नळकांड्याच्या आत बसवलेली होती. जनरल डायनॅमिक्सच्या रायफलीसाठी ट्रू व्हेलॉसिटी कंपनीने पॉलिमरची पुंगळी केली होती. वजनात दोन्ही सरस, पण निवड धातूच्या काडतुसाची झाली.

कंपनीने नागरी बाजारासाठी जे आकडे जाहीर केले, त्यानुसार पावणेनऊ ग्रॅमची गोळी सोळा इंची नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे जाते. ऊर्जा ३,६०० ज्यूलच्या वर. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे आहे : व्यास मधला, पण पुंगळी ७.६२ इतकीच लांब आणि दाब कितीतरी जास्त.

मग जुनं ७.६२ च पुन्हा का घेतलं नाही?

कारण बारीक आणि लांबट गोळी हवेला कमी अडते. वजन जवळपास तेच ठेवून व्यास कमी केला, तर वेग दूरवर टिकतो आणि वाराही कमी ढकलतो. सात मिलिमीटरच्या आसपासचा व्यास यासाठी चांगला जमतो, हे पेडरसनला १९३२ च्या आधी आणि ब्रिटिशांना १९५१ च्या आधी कळलेलं होतं. अमेरिका नव्वद वर्षांनी त्याच व्यासावर परतली.

पण अर्ध्यावरच परतली, असं मला वाटतं. .२७६ आणि .२८० यांचा मूळ हेतू धक्का आणि वजन कमी करण्याचा होता. नव्या काडतुसाने व्यास त्यांचा घेतला आणि जोर ७.६२ च्याही वरचा ठेवला. संवेगाचा वरचाच हिशेब लावला, तर ६.८ चा धक्का ७.६२ च्याच पंक्तीला बसतो. १९५० च्या दशकातला हट्ट नव्या रूपात परत आला आहे.

सैनिकाच्या वाट्याला काय येतं?

एम ७ चं मॅगझीन वीस गोळ्यांचं आहे. सात मॅगझीनचा साठा धरला, तर २१० ऐवजी १४० गोळ्या. रायफल सप्रेसर (आवाज कमी करणारं, नळीच्या तोंडाला लावायचं नळकांडं) धरून साडेचार किलोच्या आसपास जाते. एम ४ तिच्याहून बरीच हलकी होती. जास्त दाबामुळे नळीची झीजही लवकर होते, हा धातूचा स्वभाव आहे.

समर्थकांचं उत्तर असं, की सोबतची नवी दुर्बीण अंतर मोजते, गोळी किती खाली येईल याचा हिशेब करते आणि नेम कुठे धरायचा ते दाखवते. हिचमन यांच्या काळातला सैनिक तीनशे यार्डांपुढे चुकायचा, कारण त्याला अंतर अंदाजाने ठरवावं लागे. यंत्राने तो अंदाज काढून टाकला, तर जास्त पल्ला खरोखर कामी येईल आणि कमी गोळ्यांत भागेल. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण एक अडचण त्याने सुटत नाही : लढाईत समोरचा माणूस बहुतेक वेळा धड दिसतच नाही. तिथे सैनिक एका माणसावर नेम धरत नसतो. समोरच्यांनी डोकं वर काढू नये म्हणून तो झुडपांवर, खिडक्यांवर, बांधावर गोळ्या झाडत असतो. अशा वेळी सत्तर गोळ्या कमी असणं फार मोठं आहे. युक्रेनमधल्या खंदकांत आणि ढिगाऱ्यांत चाललेली लढाई पाहिली, तर रायफलीचं अंतर पुन्हा जवळ आलेलं दिसतं. दूरचं काम ड्रोन आणि तोफा करतात.

जुनं काडतूस मग मोडीत निघणार का?

नाही. ६.८ हे समोरासमोर लढणाऱ्या तुकड्यांसाठी आहे. भूदलातल्या बाकीच्यांच्या हाती ५.५६ च राहील. मरीन कोअर ५.५६ च्या एम २७ रायफलीवर आहे. नाटोतल्या मित्रदेशांचे साठे ५.५६ आणि ७.६२ चे आहेत. मिझुरीतल्या लेक सिटी कारखान्यात १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी काडतुसं बनत आली आहेत. तिथे ६.८ साठी वेगळी इमारत बांधायला २०२५ मध्ये सुरुवात झाली, कारण तुकड्यांची पुंगळी जुन्या यंत्रांवर बनत नाही. ती इमारत पूर्ण होऊन पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत आणि नंतरही, पुढच्या चौकीकडे निघालेल्या ट्रकमध्ये कुठली पेटी कुणासाठी, हे पुरवठा अधिकाऱ्याला वेगळं पाहावं लागेल. एका तुकडीकडच्या गोळ्या संपल्या, तर शेजारच्या तुकडीच्या गोळ्या तिच्या कामाच्या असतीलच असं नाही. १९५३ मध्ये एकच काडतूस असावं म्हणून ब्रिटिशांना त्यांचं चांगलं काडतूस सोडायला लावलं होतं, ते नेमकं हीच अडचण टाळण्यासाठी.